काय वाचून राहिल्या, ताई?

सकाळी सहा वाजता नागपूरच्या महाराजबागेत फिरायला जाण्यामागे माझा हेतू अगदी शुद्ध होता. साखर वाढली होती, डॉक्टर म्हणाले चाला, मी चालायला लागले. तिथे पुस्तकंही वाचावी लागतील हे ना डॉक्टरांनी सांगितलं, ना बागेच्या फाटकावर लिहिलं होतं.

आमच्या सात-आठ जणांच्या गटात एक सर आहेत. निवृत्त प्राध्यापक, विषय अर्थशास्त्र. पण बोलतात ते साहित्यावर. अर्थशास्त्राचं काही विचारलं तर ‘ते आता सगळं बदललंय’ म्हणून मोकळे होतात. 2022च्या दिवाळीनंतर एका रविवारी त्यांनी ठराव मांडला. फेऱ्या झाल्या की तर्री-पोहे खाता खाता प्रत्येकानं सांगायचं, सध्या काय वाचतोय आणि बाकीच्यांनी ते का वाचावं. ‘नुसतं बीपी आणि सुना यावर किती दिवस बोलणार?’ असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पोहे तोंडात असले की माणूस कशालाही हो म्हणतो.

पुढच्याच रविवारी वानखेडे भाऊंनी मला विचारलं, “काय वाचून राहिल्या, ताई?”

तिकडे पुण्या-मुंबईत ‘काय वाचतेस?’ विचारतात. त्यात निदान पळवाट असते. आमच्या नागपुरी ‘वाचून राहिल्या’त मात्र तुम्ही आत्ता, या क्षणी, पोह्यांची प्लेट हातात असतानासुद्धा वाचतच आहात असं गृहीत धरलेलं असतं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी फक्त विजेचं बिल वाचून राहिली होती, तेही मागून-पुढून. पण डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोंडातून निघालं, “ग्रेस.”

एकदम शांतता. सर हळूच म्हणाले, “वा.” पुढचा प्रश्नच आला नाही!

हा शोध मी पुढे दोन महिने वापरला. कवी ग्रेस आपल्या नागपूरचे. त्यामुळे ते कळत नाहीत असं कबूल करणं गावाच्या इभ्रतीला शोभत नाही. आणि कळतात म्हटलं तर समजावून सांगावं लागतं. म्हणून नागपूरकर ‘ग्रेस’ म्हटलं की ‘वा’ म्हणतो आणि पोह्यांवर तर्री वाढून घेतो. ‘संध्याकाळच्या कविता’ 1967 साली आल्या, तेव्हापासून असंच चाललं असावं. पण तिसऱ्यांदा ग्रेस म्हटल्यावर बोबडे वहिनींनी निरागसपणे विचारलं, “अजून तेच? खूप मोठं पुस्तक आहे का हो?” तो मार्ग बंद झाला.

तोवर शिफारशींचा पाऊस सुरू झाला होता. शिफारस करणाऱ्याची एक गंमत असते. ‘जरूर वाचा’ म्हणताना तो आर्जव करत नाही, नोटीस बजावतो. आणि पुस्तक हातात दिलंच, तर तुम्ही कर्जदार. “वाचलं का?” दर रविवारी. “कुठपर्यंत आलं?” मधल्या बुधवारी. बँकेत वीस वर्षं थकीत खात्यांच्या मागे लागून जे तंत्र मी शिकले, ते देशकर काकांना उपजत येतं. त्यांचं जाडजूड चरित्र महिनाभर माझ्या उशाशी होतं. मी रोज रात्री ते उघडायची, दीड पान वाचायची आणि झोपायची. झोपेसाठी उत्तम पुस्तक आहे, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? “खिळवून ठेवतं,” असं सांगितलं. खोटं नव्हतं, गादीला खिळवून ठेवायचं.

एवढं करून सगळ्यांचा लाडका निष्कर्ष असा, की मराठीत आता वाचणारे उरले नाहीत. मला तेव्हा आमच्या शाखेतले मेश्राम आठवतात. दरवर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, लांबून रेल्वेनं आलेली माणसं घरच्या भाकरीचं गाठोडं रिकामं करून त्यात पुस्तकं बांधून नेतात. मेश्राम तिथून पिशवी भरून आणतात आणि वर्षभर जेवणाच्या सुटीत डबा संपल्यावर वीस मिनिटं वाचतात. कोणाला शिफारस करत नाहीत. विचारलं तर “वाचून झालं का देतो,” एवढंच. अशा माणसाला आमच्या गटात कोणी घेणार नाही.

असो. 2023च्या फेब्रुवारीत वर्ध्याला 96वं साहित्य संमेलन भरलं. विदर्भ साहित्य संघाची शंभरी, संमेलन आपल्या अंगणात, तेव्हा आम्ही गाडी ठरवून गेलो. येताना गाडीत पुस्तकांपेक्षा गोरसपाक बिस्किटांचे पुडे जास्त होते, ही गोष्ट गटानं एकमतानं विसरायची ठरवली आहे. मी मात्र 350 रुपयांची एक कादंबरी घेतली. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात बिचाऱ्या लेखकाचा काही दोष नाही.

रविवारी मी तिची भरपूर स्तुती केली. मलपृष्ठावर मजकूर चांगला लांब होता. लगेच देशकर काकांनी ती मागून नेली. आठ दिवसांनी परत आली: “मधला भाग काय ताकदीचा आहे!” मग वानखेडे भाऊ: “लय भारी. मधला भाग तर विचारूच नका.” मग आणखी दोघं. मार्चअखेर माझ्या शाखेत हिशेबाची धांदल आणि बागेत त्या कादंबरीची लाट. शेवटी ती सरांकडे गेली. सरांनी पंधरा दिवस ठेवली आणि पोहे थंड होईस्तोवर बोलले. “लेखकानं काळ गोल फिरवलाय. तो विहिरीचा प्रसंग शब्दाशब्दानं परत येतो! माणूस आठवणीतून सुटत नाही, हे सांगायची केवढी धाडसी रीत! आणि बहिणीचं लग्न ठरतं, पुढे एकदम ती माहेरी एकटी दिसते. मधे काय झालं, चकार शब्द नाही. याला म्हणतात संयम.”

सगळे म्हणाले, वा. मीही म्हणाले. न वाचलेल्या पुस्तकाचा मला अभिमान वाटला.

मे महिन्यात, पारा चांगलाच चढलेला, भर दुपारी वीज गेली. कूलर थांबला, वाळ्याचे ताटे वाळून कडकडीत, फोन मेलेला, नवरा बनियनवर फरशीला पाठ लावून पडलेला. करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं, तेव्हा मी ती कादंबरी वाचायला घेतली. आणि काय सांगू, रंगले! घामाच्या धारांत 96व्या पानापर्यंत आले. विहिरीचा प्रसंग संपला, समोरच्या पानावर पाहते, तर पुन्हा विहीर. सर म्हणाले तेच हे, म्हणून मी भक्तिभावानं पुढे वाचू लागले. मग सहज पानाच्या आकड्याकडे लक्ष गेलं. 81.

परत 81 ते 96. आणि त्यानंतर थेट 113.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बनतं. बांधणाऱ्यानं तोच फर्मा दोनदा लावला होता आणि पुढचा विसरला होता. बहिणीचा संसार त्या सोळा पानांत कुठेतरी बांधणीच्या टेबलावर राहून गेला होता. 96व्या संमेलनातून आणलेलं पुस्तक 96व्या पानावरच अडलं, याला काय म्हणावं?

मी हसत सुटले. आमच्यात ‘वाचणं’चे दोन अर्थ आहेत, बाकीचे चौघं ‘मधला भाग, मधला भाग’ करत नुसतेच वाचले होते. खरोखर वाचलं होतं ते सरांनी, शब्द न् शब्द, आणि नेमके तेच फसले होते.

“सांगून टाक ना त्यांना,” नवरा फरशीवरूनच म्हणाला.

“काय सांगू? फेब्रुवारीपासून ज्याची तारीफ करतेय ते मी मे महिन्यात वाचलं, हे?”

तो कुशीवर वळला. तिकडची फरशी अजून थंड होती.

मी गप्प राहिले. पण बोबडे वहिनींना उसनं घेणं पटत नाही. जूनमध्ये त्या बर्डीच्या बाजारात पावसाळी चपला घ्यायला गेल्या आणि तीच कादंबरी नवी घेऊन आल्या. रविवारी प्लेट खाली ठेवून म्हणाल्या, “सर, माझ्या पुस्तकात तो विहिरीचा प्रसंग एकदाच आलाय हो. आणि त्या बहिणीचं लग्न मोडतं, भर मांडवात एवढा तमाशा होतो, त्यावर तुम्ही कोणीच काही बोलला नाहीत?”

देशकर काका तर्रीतले चणे मोजू लागले. वानखेडे भाऊंना एकाएकी बुटाची नाडी सुटल्याचं दिसलं. त्यांनी चपला घातल्या होत्या. मी श्वास रोखून सरांकडे पाहत होते.

सर जराही हलले नाहीत. “कितवी आवृत्ती?”

वहिनींनी पिशवीतून पुस्तक काढून पाहिलं. “दुसरी.”

“वाटलंच मला.” सरांनी मोठा सुस्कारा सोडला. “लेखक कचरला. लोक काय म्हणतील म्हणून तो प्रसंग काढला, आणि वर मांडवातला तमाशा घातला. मग खपणार नाही तर काय!”

“हव न,” वानखेडे भाऊ नाडी सोडून वर आले. “पयलीच भारी होती. मधला भाग तर...”

सर माझ्याकडे वळले. “तुमच्याकडे पहिली आवृत्ती आहे ना? जपून ठेवा. आता मिळायची नाही ती.”

ठेवली आहे. प्लास्टिकचं कव्हर घालून, वरच्या कप्प्यात.