सायगॉनचे जुने जाणकार कसे व्हावे

कंपनीने पुन्हा हो ची मिन्ह सिटीला, म्हणजे व्हिएतनाममधल्या जुन्या सायगॉनला, धाडलंय? उत्तम. मागच्या खेपेला तुम्ही विमानतळ, हॉटेल आणि मीटिंग-रूम एवढंच पाहिलं होतं, पण ते कुणाला ठाऊक आहे? या वेळी सोबत नवा ज्युनियर आहे. म्हणजे जाणकार तुम्हीच.

टॅक्सीत बसल्या बसल्या उसासा सोडा. ‘पूर्वीचं सायगॉन राहिलं नाही.’ पत्ता ‘डिस्ट्रिक्ट वन’ असाच सांगा. 1 जुलै 2025 पासून डिस्ट्रिक्ट कागदावरून गेले, शेजारचे दोन प्रांत शहरात आले. त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?

बेन थान मार्केटपाशी मेट्रोचं स्टेशन दिसेल. काम 2012 ला सुरू, गाडी धावली 22 डिसेंबर 2024 ला. मागे ले लोई रस्त्यावर या कामासाठी लावलेल्या पत्र्यांना तुम्ही शिव्या घातल्या होत्यात. आता त्या पत्र्यांचीही हुरहुर वाटू द्या. पुणेकर असाल तर ‘आमची 2022 लाच आली’ एवढंच सांगा. किती किलोमीटर आली, ते तिथे कुणी विचारत नाही.

रस्ता ओलांडताना मात्र फेकाफेक चालत नाही. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही, तो तुम्हाला वळसा घालतो. अट एकच: संथ, एका लयीत चालत राहायचं. मध्येच थबकलात किंवा धावलात की त्यांचा अंदाज चुकतो. तुम्ही अर्थातच हात वर करून मधोमध थिजाल. अशा वेळी भाजीची पिशवी घेतलेल्या एखाद्या आजींच्या आडोशाने पलीकडे पोचा आणि तिथून ज्युनियरला ओरडून सूचना द्या.

कोपऱ्यावर स्कूटरवरच पाय पसरून झोपणारे ते ‘से ओम’वाले, म्हणजे स्कूटर-टॅक्सीवाले, आता ग्रॅबचं हिरवं जाकीट घालून ॲपवरचं भाडं घेतात. तेव्हा दुप्पट पैसे लावले म्हणून तुम्ही भांडला होतात. आता त्यालाच माणुसकी म्हणा.

बान्ह मीच्या, म्हणजे तिथल्या सँडविचच्या, गाडीवर क्यूआर कोड दिसला की नाक मुरडायचंच. घरी आपण वडापावाचे पैसेही फोननेच देतो, ती गोष्ट वेगळी. या बाईने मात्र बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून चुरगळलेल्या डोंगच्या नोटा मोजत राहावं, म्हणजे तुमचा फोटो अस्सल येतो.

संध्याकाळी क्लायंटसोबत नदीकाठी जा. 2018 सालचा, 461 मीटर उंचीचा लँडमार्क 81 समोर आला की मान हलवून म्हणा, ‘या टॉवरांनी शहराचा आत्मा घालवला.’ क्लायंटचं घर त्याच टॉवरात असण्याची शक्यता आहे, पण तो सभ्य माणूस, हसेल.

एवढ्यात डोंबिवलीहून सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येईल, रिडेव्हलपमेंटचा. जरा बाजूला जाऊन, आवाज खाली आणून बोला: कार्पेट एरिया किती वाढवून देतोय, पार्किंग दोन मिळतील का, आणि टॉवर होणारच असेल तर मजला वरचाच हवा.