म्हणे नवशिक्यांनी डॉकरला हातच लावू नये!

एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरतेय. मूळ कोणाची ते कोणालाच माहीत नाही पण फॉरवर्ड सगळे करतायत. विषय डॉकर, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका पॅकेटमध्ये भरून कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन. थोडक्यात पोस्टचं म्हणणं असं: वेब डेव्हलपमेंट नव्याने शिकताय ना, मग डॉकर-बिकरच्या नादी लागू नका, कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) असतं, लॅपटॉप रडवतं, बंद केलं की डेटा उडतो, कोडची एक ओळ बदलली तरी दहा मिनिटं बिल्ड, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं काम, तुम्ही आधी सगळं हाताने इन्स्टॉल करायला शिका.

यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. एकेक घेऊ.

"कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीन." नाही हो. बाकीचे निम्मे गैरसमज इथूनच निघतात म्हणून इथे जरा थांबतो. लिनक्स मशीनवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा कंटेनर चालू करा आणि बाहेर दुसऱ्या टर्मिनलमध्ये पीएस (चालू प्रोसेस दाखवणारी) कमांड मारा, एनजिनएक्स तुमच्या इतर प्रोसेसच्या रांगेत सरळ दिसेल. आत तिचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) १, बाहेर कुठलातरी भलामोठा आकडा, पण प्रोसेस तीच. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पण एकच, आत-बाहेर व्हर्जन बघितलं तर सेम येतं. म्हणजे कंटेनर ही एक साधी प्रोसेसच, फक्त तिला काय दिसावं ते कर्नलच्या नेमस्पेसेस ठरवतात (स्वतःच्या फाइल्स, स्वतःचं नेटवर्क, स्वतःचे पीआयडी) आणि किती मेमरी-सीपीयू खावा ते सीग्रुप्स ठरवतात. हे काही कालचं नाही, युनिक्समधला सीएचरूट (प्रोसेसला एका फोल्डरपुरतंच जग दाखवणारा) १९७९ चा आहे, सीग्रुप्स लिनक्स कर्नलमध्ये २००८ ला आले, डॉकर २०१३ चं. डॉकरने काय केलं तर हे सगळं दोन-चार कमांडमध्ये बसवलं आणि इमेज नावाचं पॅकेट दिलं जे कुठेही उचलून नेता येतं.

बरं, हे माहीत असून शिकणाऱ्याचा फायदा काय? नवीन माणूस उबुंटू लिनक्सची इमेज बॅकग्राउंडला चालवतो आणि कंटेनर दोन सेकंदात बंद पडतो, मग "क्रॅश झाला" म्हणून शोधाशोध. क्रॅश-बिश काही नाही. आत बॅश (कमांड घेणारा प्रोग्राम) सुरू झालं, त्याला ना टर्मिनल ना इनपुट, त्यामुळे ते गपचूप संपलं, आणि मुख्य प्रोसेस संपली की कंटेनर संपला. डोक्यात "मशीन" असेल तर हे कोडं वाटतं, "प्रोसेस" असेल तर सरळ आहे.

"लॅपटॉप रडवतं." लिनक्सवर नाही. मॅक आणि विंडोजवर थोडं खरं आहे, कारण कंटेनरला लिनक्स कर्नल लागतो आणि तो तिथे नसतो, म्हणून डॉकर डेस्कटॉप पाठीमागे लिनक्सचं एक व्हर्च्युअल मशीन चालवतं. पण एकच, दहा कंटेनरला दहा नाही. त्याला किती मेमरी द्यायची ते ठरवून देता येतं. मॅकवर प्रोजेक्टचं फोल्डर आत जोडलं की नोड मॉड्यूल्सच्या (जावास्क्रिप्ट पॅकेजेसचं फोल्डर) हजारो फाइल्समुळे रखडतं, हे मात्र मान्य, मीही वैतागलोय.

"बंद केलं की डेटा उडतो." बंद करणं वेगळं, काढून टाकणं वेगळं. स्टॉप केलेला कंटेनर परत स्टार्ट केला की आतल्या फाइल्स जशाच्या तशा असतात, तो रिमूव्ह केला की त्याचा लिहायचा थर (चालताना आत लिहिलेल्या फाइल्स) जातो. म्हणून डेटाबेसचं फोल्डर व्हॉल्यूमवर (कंटेनरच्या बाहेर डॉकरने राखलेल्या जागेत) ठेवायचं, मग कंटेनर शंभर वेळा उडवून परत बनवा, डेटा जागेवर. माझा डेटा एकदाच गेला आणि तोही डॉकरमुळे नाही तर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं डॉकरचं साधन) डाउन करताना सवयीने मागे व्ही फ्लॅग लावला म्हणून, तो फ्लॅग व्हॉल्यूमसुद्धा पुसतो आणि आधी विचारत बसत नाही. आठवडाभर भरलेला टेस्ट डेटा गेला. अजून एक: डेटाबेसच्या इमेजला लेटेस्ट टॅग लावू नका, व्हर्जनचा आकडा लिहा. कधीतरी नवीन इमेज ओढली जाते, पोस्टग्रेस डेटाबेसचं मेजर व्हर्जन बदलतं आणि जुन्या व्हॉल्यूमवरचा डेटा बघून ते चालूच होत नाही. डेटा तिथेच असतो, पण तोंडचं पाणी पळतं.

"एक ओळ बदलली तरी दहा मिनिटं बिल्ड." ज्याने हे लिहिलं त्याची डॉकरफाइल (इमेज कशी बनवायची त्या पायऱ्यांची फाइल) मला न बघता सांगता येईल: आधी अख्खा प्रोजेक्ट कॉपी, मग एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस उतरवणं. इमेज थराथराने बनते आणि एक थर बदलला की त्याच्या खालच्या ओळींचे सगळे थर नव्याने. म्हणजे सीएसएसमध्ये रंग बदलला तरी सगळी पॅकेजेस परत डाउनलोड. उलटं करा. आधी फक्त पॅकेज जेसन आणि लॉक फाइल (पॅकेजेसची आणि त्यांच्या व्हर्जनची यादी) कॉपी, मग इन्स्टॉल, मग उरलेला कोड. आता पॅकेज बदलेपर्यंत इन्स्टॉलचा थर कॅशमधूनच येणार. आणि डॉकरइग्नोर फाइलमध्ये (काय कॉपी करायचं नाही त्याची यादी) नोड मॉड्यूल्स आणि गिटचं फोल्डर टाका. तसंही रोज कोड लिहिताना बिल्ड लागतच नाही, प्रोजेक्टचं फोल्डर कंटेनरला जोडून (माउंट करून) काम चालतं.

"मोठ्या कंपन्यांचं काम." ते कुबरनेटीस, अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारी यंत्रणा. दोन्हींची गल्लत झालीय. ते आत्ता शिकू नका, इथे पोस्टवाल्याशी शंभर टक्के सहमत.

"आधी सगळं हाताने इन्स्टॉल करायला शिका." एकदा करा, जरूर करा, सर्व्हिस कशी चालू होते, कॉन्फिग कुठे असते, ते कळतं. पण एका प्रोजेक्टला पोस्टग्रेस १३ आणि दुसऱ्याला १६ लागलं की दोन्ही एकाच मशीनवर सांभाळणं ही नवशिक्याची शिक्षा का असावी? दोन कंटेनर, बाहेर दोन वेगळे पोर्ट, झालं. सुरुवात इथूनच करा, ॲप मशीनवर चालू दे, फक्त डेटाबेस कंटेनरमध्ये.

मग ॲपही आत टाकाल तेव्हा पहिला एरर हमखास कनेक्शन रिफ्यूज्डचा येणार, कारण डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट (म्हणजे "हेच मशीन") लिहिलेला असतो आणि कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. कंपोजमध्ये तिथे डेटाबेस सर्व्हिसचं नाव लिहायचं. ते सुटलं की ब्राउझरमध्ये पान उघडणार नाही, कारण ॲप आतल्या लोकलहोस्टवरच ऐकत बसलंय, त्याला ०.०.०.० वर (म्हणजे बाहेरून येणारंही) ऐकायला सांगावं लागतं. सगळं हाताने इन्स्टॉल केलेल्या लॅपटॉपवर या दोन्ही चुका दिसतच नाहीत, सगळं एकाच लोकलहोस्टवर असतं ना, त्या दिसतात ॲप आणि डेटाबेस वेगवेगळ्या सर्व्हरवर गेल्यावर, रिलीजच्या रात्री.