नळाच्या तोंडाशी तपासणी हवी

२०२३च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने कोल्हापुरात पोचले, तेव्हा मंगळवार पेठेत राहणारी माझी बहीण फोनवर म्हणाली, "दादा, आता पंचगंगेच्या पाण्याची काळजी मिटली." पावसाळ्यातले गढूळ पाणी आणि काविळीची धास्ती यांत आमचे लहानपण गेले असल्याने तिचा आनंद मला कळत होता. तरीही अमेरिकेत मिशिगन राज्यात राहणाऱ्या माझ्या मनात इथले फ्लिंट हे शहर आले, कारण तिथेही पाण्याचा स्रोतच बदलला होता.

एप्रिल २०१४मध्ये खर्च वाचवण्यासाठी फ्लिंटने डेट्रॉइटकडून येणारे पाणी सोडून स्वतःच्या नदीचे पाणी घेतले. त्यात गंजरोधक द्रव्य मिसळले गेले नाही, त्यामुळे शिशाच्या जुन्या नळांच्या आतला संरक्षक थर सुटला आणि शिसे घरोघरच्या पेल्यांत उतरले. लोक तक्रारी करत होते आणि अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचे सांगत होते. सप्टेंबर २०१५मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हन्ना-अतीशा यांनी मुलांच्या रक्तातले वाढलेले शिसे दाखवून दिले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटचे पाणी परत आले.

पाण्यात विरघळलेल्या शिशाला रंग नसतो, वास नसतो आणि उकळल्याने ते जात नाही. पाणी आटते, शिसे तेवढेच राहते. शरीर त्याला कॅल्शियमसारखे वागवून हाडांत वर्षानुवर्षे साठवते आणि गरोदरपणात ते तिथून पुन्हा रक्तात येऊ शकते. लहान मुलांच्या मेंदूची झालेली हानी भरून येत नाही, ही गोष्ट मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते.

अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. इथे शिशाचे नवे नळ घालण्यावर १९८६मध्ये बंदी आली, पण जुने आजही जमिनीत आहेत. माझ्या घराला येणारा नळ कशाचा आहे याची नोंद सापडत नाही, असे पाणी खात्याने मला पत्राने कळवले. कोल्हापुरात शिशाचे नळ असल्याचे मी कधी ऐकले नाही. मात्र पितळी तोट्या, धातूच्या नळांचे जुने डाख आणि शिसेयुक्त स्थिरक (प्लास्टिक टिकवणारे द्रव्य) वापरलेले पीव्हीसी पाइप यांतूनही शिसे पाण्यात येऊ शकते. अशा स्थिरकांविरुद्ध केंद्र सरकारने नियम केले ते २०२१मध्ये; त्याआधीचे पाइप भिंतींत आहेतच. कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले नाही ना, हे आमची आजी कल्हईवाल्याला खोदून विचारायची. तिची ती दक्षता आपण तोटीच्या बाबतीत दाखवलेली नाही.

आपला सारा वाद नदी की धरण, गळती किती, पाणी किती वाजता येणार, यांभोवती फिरतो. शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, पण जलशुद्धीकरण केंद्रात ती पाळली गेली म्हणून स्वयंपाकघरातही पाळली गेली असे होत नाही. म्हणून जुन्या पेठांतली घरे, शाळा आणि अंगणवाड्या यांच्या नळांचे सकाळचे पहिले पाणी तपासून प्रभागवार आकडे जाहीर करावेत, अशी मागणी महापालिकेकडे व्हायला हवी. ते होईपर्यंत रात्रभर नळात थांबलेले पाणी पिण्यासाठी भरू नये, ते धुण्याच्या बादलीत घ्यावे, एवढे मी बहिणीला सांगितले आहे.