तलवारीचे गाऱ्हाणे

माझ्याच कमरेला लटकणाऱ्या तलवारीने, माझ्याच बहिणीच्या घरी, मिरचीची भजी खात बसलेल्या कॉलेजच्या पोरांसमक्ष मला 'तुझी लायकी नाही' असे सुनावले, ही गोष्ट गेल्या रविवारची असली तरी अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही. तलवार कागदावरची होती, हे सांत्वन बहिणीपासून बायकोपर्यंत सर्वांनी करून झाले आहे. अपमान मात्र कागदावरचा नव्हता.

गोव्यात, फोंड्यात पावसाची झड लागली होती, भाच्याच्या टोळीतला एक भिडू अडकून पडला होता आणि मी आयता बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीत, सापडलो. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 मध्ये बाजारात आणला. एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी त्या कथेतली पात्रे व्हायचे आणि जिथे मतभेद होईल तिथे 20 बाजूंचा फासा टाकायचा, असा त्याचा मामला असतो. सूत्रधार अर्थातच भाचा. माझ्या वाट्याला एक योद्धा आला आणि त्याच्यासोबत एक काळी तलवार, जिच्यात एक राक्षस बांधलेला होता.

तलवारीत राक्षस ही काही भाच्याची प्रतिभा नव्हे. या खेळाच्या 1974 च्या मूळ नियमांतच जादूच्या तलवारींना बुद्धी आणि अहंकार बहाल केलेला आहे, आणि दोन्हींचे गुण आकड्यांत मोजलेले आहेत. पुढे संगणकावरच्या खेळांतही हे लोण पोहोचले. 1992 च्या 'अल्टिमा सेव्हन'च्या पुरवणी भागात खेळाडू स्वतः भात्याने विस्तव फुलवून, ऐरणीवर घण घालून काळी तलवार घडवतो, पण ती इतकी बोजड निघते की आरशात कोंडलेल्या एका राक्षसाला तिच्यात बांधल्याशिवाय ती चालवताच येत नाही. त्यानंतर ती बोलू लागते. म्हणजे तलवार हलकी होते आणि डोके जड होते.

आमच्या खेळात हे जडपण गणिताने ठरते. सूत्रधाराच्या पुस्तकाच्या 2014 च्या आवृत्तीप्रमाणे, मालकाचे वागणे तलवारीला पटले नाही तर मालकाने फासा टाकून आपल्या व्यक्तिमत्त्वाची छाप सिद्ध करायची असते. सामान्य माणसाची छाप 10 धरतात. राक्षसाची 20 होती, आणि माझ्या कागदावर भाच्याने मला न विचारता 8 लिहिले होते. मी हरकत घेतली तेव्हा एकाही पोराने मान वर केली नाही, जणू पावसाचे पाणी खाली वाहते इतकी ती उघड गोष्ट होती. नियमातल्या बारात राक्षसाच्या विसापोटी पाच मिळवून सतरा गाठायचे आणि माझ्या आठापोटी फाशातून एक वजा करायचा, म्हणजे फाशावर 18, 19 किंवा 20 पडले तरच माझी तलवार माझे ऐकणार, एरवी नाही.

गुहेतल्या पुलावर एक म्हातारी चेटकीण बसली होती. तिला वळसा घालून जावे असे सर्वांचे मत पडले, तलवारीला मात्र रक्त हवे होते. मी तिला म्यान होण्यास सांगितले आणि फासा टाकला. सहा पडले. "मानवी किड्या, तुझी लायकी नाही," असे राक्षस भाच्याच्या तोंडून म्हणाला. मी हट्ट सोडला नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्याने माझ्या योद्ध्याचा ताबा घेतला. हा ताबा किती तास राहणार हे 12 बाजूंच्या फाशाने ठरते. अकरा पडले. ते अकरा तास माझा योद्धा आमच्याच सामानाच्या गाढवामागे नंगी तलवार घेऊन धावत होता, आणि मी तोंड उघडले की भाचा म्हणे, "मामा, तू बोलू नको, तू आता त्याच्या ताब्यात आहेस."

अशा अवस्थेत शेजारचे आजोबा छत्री झटकत आत आले. आजोबा निवृत्त तलाठी आहेत आणि वाड्यावर कोणतेही शुभकार्य असो, देवापुढे गाऱ्हाणे घालायला त्यांनाच उभे करतात. त्यांनी चहाचा पेला घेतला, थोडा वेळ आमचे ऐकले आणि विचारले, "तलवारीत कोण आहे म्हणालास?"

"राक्षस," भाचा म्हणाला.

"कुठला?"

"नरकातला."

"तसे नव्हे रे बाबा. त्याची हद्द कुठली? देवचाराला, गावच्या राखणदाराला, हद्द असते. कुठल्या मेरेपासून कुठल्या मेरेपर्यंत तो राखतो?"

भाच्याने वही चाळली. वहीत हद्द नव्हती.

"बरे, त्याला बांधला कोणी?"

"एका जादूगाराने. 300 वर्षांपूर्वी."

"आणि बांधताना त्याला कबूल काय केले?"

वहीत तेही नव्हते. आजोबांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे 300 वर्षे तो फुकट राबतो आहे. रोट नाही, सोरो (दारू) नाही, विडी नाही. आमच्या राखणदाराचे एका वर्षाचे चुकले तर तो माणसाला रात्रभर एकाच शेतात फिरवतो. हा ऐकेल कशाला?" मग ते माझ्याकडे वळले. "तू त्याला काय म्हणालास?"

"म्यान हो, म्हणालो."

"आज्ञा केलीस?"

"आजोबा, तलवार माझी आहे."

चतुर्थीला गणपतीवर फळांची माटोळी बांधायला आलेला माणूस सुंभ घरी विसरून आला तर त्याच्याकडे पाहावे, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मग त्यांनी चौकशी पुढे चालवली. राक्षस रात्रीचा फिरतो का, असे त्यांनी विचारले. तलवारीतून तो कसा फिरणार, असे भाच्याने सांगताच ते समाधानाने म्हणाले, "मग वहाणांचा खर्च वाचला." आमच्याकडे वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात आणि तो रात्री फिरतो म्हणून त्या झिजतात, हे त्या पोरांना ठाऊक होते. त्यामुळे राक्षसाच्या पायांची बाब गंभीरपणे वहीत नोंदली गेली. माझी हरकत वहीत कुठेही नाही.

आजोबांनी चपला काढल्या, बशीतले एक भजे रोट म्हणून माझ्या कागदावर ठेवले (तेलाचा डाग नेमका माझ्या योद्ध्याच्या नावावर पडला) आणि हात जोडून खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! तलवारीच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरे ओरडली.

"आज हे लेकरू तुझ्यापुढे उभे आहे. ते अजाण आहे, त्याला बोलण्याची रीत नाही!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याची छाप आठ आहे!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार सर्वांत मोठा होता आणि त्यात स्वयंपाकघरातून बहिणीचाही आवाज आला.

गाऱ्हाणे संपल्यावर आजोबांनी फासा टाकला, तो घरंगळत सोफ्याखाली गेला आणि तो किती पडला हे कोणीही वाकून पाहिले नाही. "राक्षस प्रसन्न आहे," असे भाच्याने जाहीर केले. इथे मला खरोखरच राग आला आणि तो अजून आहे. मला बारा अधिक पाच सतरा, वजा एक, असे पुस्तक उघडून दाखवले जाते आणि ज्याला बोलता येते त्याचा फासा सोफ्याखाली चालतो. साधा दाखला काढायला गेलो तरी हेच होते. मी टोकन घेऊन बाकावर बसतो आणि खिडकीशी टेकून 'काय मरे, बरा मरे?' करणारा माणूस माझ्याआधी कागद घेऊन जातो. निदान खेळात तरी नियम सर्वांना सारखे असतील, अशी माझी समजूत होती.

राक्षस आता आजोबांना 'आपण' म्हणू लागला होता. दर अवसेला एक रोट, विड्यांचा एक कट्टा आणि एक बाटली हुर्राक, अशी मागणी त्याने ठेवली. आजोबांनी शांतपणे घासाघीस केली. हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची, ती उन्हाळा सरला की मिळत नाही, तेव्हा कबूल करून पावसाळ्यात शब्द मोडण्यापेक्षा बारमाही फेणी घ्यावी, शिवाय फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे त्यांनी त्या नरकवासीयाला पटवून दिले. राक्षस मानांकनाला मान देऊन कबूल झाला. चेटकीण वाचली. आणि ज्याने करार केला त्याच्याकडेच तलवार असावी, अशी अट राक्षसाने स्वतःहून घातली, ती एकमताने मंजूर झाली.

माझा योद्धा अजून खेळात आहे. या खेळात ताकदीच्या आकड्याच्या 15 पट पौंड इतके ओझे पात्राला वाहता येते आणि माझ्या योद्ध्याची ताकद भरपूर आहे, म्हणून त्याच्या सामानातून 3 पौंडांची तलवार काढून तिथे रोट, विड्या आणि फेणीच्या बाटल्या लिहिल्या आहेत. त्याने हे ओझे घेऊन आजोबांच्या मागून चालायचे आहे. सामान गाढवावर लादावे, अशी रास्त सूचना मी केली, तेव्हा भाच्याने वहीचे मागचे पान उघडून दाखवले: गाढव मामाने पळवले.