‘बंब एका फोनवर येतो’ : शर्यतीच्या ट्रॅकवरील बचाव पथकाविषयीच्या दाव्याचा प्रतिवाद

जळगाव-धुळे भागात मातीच्या ट्रॅकवर मोटारींच्या शर्यती भरवण्याची चर्चा निघाली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. ट्रॅकवर स्वतंत्र अग्निशमन व बचाव पथक ठेवणे म्हणजे आयोजकांच्या खिशाला विनाकारण कात्री, असा त्याचा सूर असतो. कारणे चार दिली जातात: शहरातला बंब एका फोनवर येतो, गाड्यांत आग विझवण्याची यंत्रणा आणि चालकांच्या अंगावर आगरोधक पोशाख असतो, वेळ पडलीच तर गावची पोरे आणि पाण्याचा टँकर आहेच, शिवाय ‘अपघात झाल्यास जबाबदारी माझी’ अशा हमीपत्रावर चालकांनी सही केलेली असते. मजकूर खटकेबाज असल्यामुळे तो चटकन पटतो, पण त्यातले एकही कारण तपासणीला टिकत नाही.

पहिले कारण बंबाचे. अशा शर्यती शहराबाहेरच्या माळावर होतात. १०१ क्रमांकावर फोन लागून, महामार्गावरच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत आणि पुढे शेतरस्त्याने बंब दहा-पंधरा मिनिटांत पोचला, तरी ते कौतुकास्पदच म्हणावे लागेल. पेट्रोलच्या आगीत मात्र हिशेब सेकंदांचा असतो. १९७३ साली नेदरलँड्समधील झांडव्होर्ट येथे रॉजर विल्यमसन या शर्यतीतल्या चालकाची गाडी उलटून पेटली. तो आत जिवंत अडकलेला होता. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या चालकाने स्वतःची शर्यत सोडून एकट्याने गाडी सरळ करण्याची धडपड केली. जवळच्या मार्शलांकडे, म्हणजे ट्रॅकलगत उभ्या असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांकडे, आगरोधक कपडे नव्हते, शर्यत थांबवली गेली नाही आणि बंब येईपर्यंत कित्येक मिनिटे गेली. विल्यमसन वाचला नाही. याउलट १९८९ साली इटलीतील इमोला येथे गेरहार्ड बर्गर या चालकाची फेरारी भिंतीवर आदळून पेटली, तेव्हा ट्रॅकलगत उभे असलेले पथक साधारण पंधरा सेकंदांत पोचले. त्याचे हात भाजले, पण एकच शर्यत चुकवून तो परतला. दोन्ही आगी पेट्रोलच्याच होत्या.

दुसऱ्या कारणासाठी २०२० च्या बहारीनमधील शर्यतीतल्या रोमँ ग्रोझाँ या चालकाचे उदाहरण हटकून दिले जाते: गाडीचे दोन तुकडे झाले, तरी गडी स्वतः चालत बाहेर आला! हे खरे आहे, पण अर्धे. तो २७ सेकंद ज्वाळांत होता, शुद्धीवर होता आणि अडकलेला पाय त्याला मोकळा करता आला. पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग धावणारी वैद्यकीय गाडी काही क्षणांतच तेथे पोचली होती. एका मार्शलने ज्वाळांवर पावडर मारली आणि डॉक्टरांनी ग्रोझाँला कठड्यावरून ओढून घेतले. एवढे असूनही त्याचे हात भाजले. पोशाखाची चाचणीच मुळी अशी असते की ज्वाला लावल्यावर आतल्या बाजूचे तापमान २४ अंशांनी वाढायला किमान किती सेकंद लागतात ते मोजायचे, आणि आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा जेमतेम बारा सेकंदांच्या आसपास आहे. पोशाख चालकाला थोडा वेळ मिळवून देतो, आणि त्या वेळात कोणीतरी त्याच्यापर्यंत पोचावे लागते. गाडीतली यंत्रणाही बेशुद्ध माणसाचा पट्टा कापून देत नाही की त्याची मान न हलवता त्याला बाहेर काढत नाही.

तिसरे कारण सर्वांत धोक्याचे आहे, कारण त्यामागे चांगली भावना आहे. जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी पेटली, तर टँकर लावून, गंजी उपसत, तासन् तास पाणी मारायचे असते, हे खान्देशात कोणाला सांगावे लागत नाही. नेमका हाच अनुभव येथे घात करतो. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे धार मारली की जळते पेट्रोल वाहत जाऊन आग पसरते; तेथे कोरडी पावडर किंवा फेसच लागतो. १९५५ साली फ्रान्समधील ल मान्स येथील शर्यतीत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची मर्सिडीज पेटली, तेव्हा पाणी मारल्याने आग आणखी भडकली होती. पावडरचा हाती धरण्याचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. तो वाऱ्याकडे पाठ करून ज्वाळेच्या बुडाशी मारावा लागतो, आणि मागे दुसरा माणूस दुसरा सिलिंडर घेऊन तयार असावा लागतो. सिलिंडर नुसते मांडून ठेवल्यानेही भागत नाही: १९७१ साली इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे जो सिफर्ट या चालकाची गाडी पेटली तेव्हा ट्रॅकवरचे सिलिंडर चाललेच नाहीत आणि तो धुराने गुदमरून गेला.

हौशी धावपळीची किंमत त्याहून भयंकर असते. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कियालामी येथे एका थांबलेल्या गाडीला किरकोळ आग लागली. तिच्या चालकाला काही झाले नाही. ती विझवायला सिलिंडर घेऊन चालू ट्रॅक ओलांडणारा एकोणीस वर्षांचा एक मार्शल, शर्यतीतला दुसरा चालक टॉम प्राइस याच्या गाडीखाली आला, सिलिंडर प्राइसच्या डोक्यावर आदळला आणि दोघेही जागीच गेले. धोक्याचा पिवळा झेंडा दाखवल्याशिवाय आणि प्रमुखाने सांगितल्याशिवाय ट्रॅकवर पाऊल टाकायचे नाही, ही शिस्त सरावानेच अंगी बाणते. टँकरवर बसून शर्यत पाहणाऱ्या पोरांकडून ती अपेक्षा करणे त्यांच्यावरच अन्याय आहे.

हमीपत्राबद्दल फार लिहायला नको. ते चालकापुरते असते. ल मान्सच्या त्याच अपघातात दगावलेल्या ऐंशीहून अधिक प्रेक्षकांनी कोठे सही केली होती? निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हाही, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, अशा कागदाने टळत नाही.

राहिला खर्च. तो आहे, आणि लहान आयोजकाला तो जड जातो हे मान्य करायला हवे. पण पथक मुंबईहूनच आणावे लागेल ही समजूत चुकीची आहे. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र अशा ठिकाणी स्वतःची अग्निशमन यंत्रणा असते. तेथून निवृत्त झालेल्या अनुभवी माणसांना मोटारीतून जखमी काढण्याचे प्रशिक्षण दिल्यास मोठे काम सोपे होईल. मे महिन्यात शर्यत ठेवायची असेल, तर मात्र माणसे दुपटीने धरावीत, कारण ४४ अंशांच्या उन्हात आगरोधक पोशाख घालून एकाच माणसाला दिवसभर वळणावर उभे करता येत नाही.