खुलासा : ‘मूळ कागद खोटं बोलत नाही’ हा मेसेज पुढे पाठवू नका

इतिहास शिकवणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘मुलांना अभिलेखागारात (जुनी मूळ कागदपत्रं जपून ठेवतात तिथे) न्या. मूळ कागद खोटं बोलत नाही. पुस्तकात मात्र लेखकाचं मत असतं.’ पहिलं वाक्य सोळा आणे खरं. पुढचं दिशाभूल करणारं आहे.

१९८३ साली पश्चिम जर्मनीतल्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून काही डायऱ्या छापायला घेतल्या. अक्षर जुळतं, असा हस्ताक्षरतज्ज्ञांचा निर्वाळा होता. पण तुलनेसाठी दिलेले काही नमुनेच या डायऱ्या रचणाऱ्या बनावटखोराने लिहिलेले! तिथल्या संघीय अभिलेखागाराने तपासणी करवून घेतली, तेव्हा कागदात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेलं शुभ्रक (कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन) सापडलं. म्हणजे डायऱ्या बनावट!

बरं, कागद अस्सल निघाला तरी मजकूर खरा असेलच असं नाही. वरिष्ठांना अहवाल लिहिणारा अधिकारी स्वतःची चूक झाकू शकतोच की. म्हणून मुलांना विचारायला शिकवा : कोणी लिहिलं, कोणासाठी, घटनेनंतर किती दिवसांनी? त्याच पुडक्यातला आधीचा आणि नंतरचा कागद काय सांगतो? एकाच पानाचा सुटा फोटो दाखवून हे जमत नाही.

तो मेसेज तुम्ही टाकला असेल तर कृपया काढा, पुढे पाठवू नका. अभिलेखागाराची भेट मात्र रद्द करू नका.