एकदम म्हणजे नेमकं कधी?

वॉशिंग मशीन मधेच थांबलं की घरातला प्रत्येक जण येऊन तेच बटण दाबतो. आधीच्या चौघांना न बधलेलं बटण आपल्या बोटाला वश होईल, अशी श्रद्धा असते. मग वरून दोन थापा. मग "तरी म्हटलं होतं, इतके कपडे कोंबू नका." हा विधी आटोपला की मी एकच विचारतो: ट्रिप झालं, म्हणजे बोर्डातला स्विच पडून वीज गेली, ते नेमकं कधी? उत्तर ठरलेलं: "अहो, एकदम!"

आधी बोर्डात पडलंय कोण ते बघायचं. एमसीबी (जादा करंटला वीज तोडणारा स्विच) पडला असेल तर लोड जास्त किंवा सरळ शॉर्ट. 'टेस्ट' बटणवाला आरसीसीबी (गळती पकडणारा स्विच) पडला तर करंट कुठेतरी गळतोय. हा आरसीसीबी म्हणजे चिकट हिशेबनीस. फेजमधून गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलंच पाहिजे. 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की अख्ख्या घराचं दुकान बंद. त्याला सारखं वर ढकलून काही होत नाही. तो लाच खात नाही.

आता 'कधी'. प्लग लावताच आरसीसीबी पडला तर वायर किंवा नॉइज फिल्टर (विजेतला गोंगाट गाळणारा भाग). स्पिनला पडला तर मोटरवर पाणी ठिबकतंय का, हादऱ्यांनी वायर पत्र्यावर घासून सोललीय का, ते बघा. पण पाणी भरलं, ड्रम चार फेरे फिरला आणि पाणी तापायच्या वेळी पडला, तर माझा संशय थेट हीटरवर. त्याच्या धातूच्या नळीला बारीक चीर गेली की आतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी शिरतं आणि करंट बॉडीकडे वाट काढतो. गार पाण्याचा प्रोग्रॅम लावून बघा. तो निमूट पार पडला तर संशय पक्का. मग प्लग उपसायचा (नुसता स्विच बंद नव्हे, स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो), हीटरच्या वायरी काढायच्या आणि मल्टीमीटर ओहमवर लावायचा. 230 व्होल्टच्या 2000 वॅट हीटरला दोन टोकांत साधारण 26 ओहम दिसतात. टोक आणि नळी यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये, म्हणजे मीटरवर ओहमचा कुठलाच आकडा येता कामा नये. आला तर हीटर बदला. उन्हात वाळवून तो सुधारत नाही.

मशीन सुरूच होत नसेल तर कान द्या. फ्रंट लोडमध्ये दाराच्या लॉकचा 'टक' आला नाही की पुढचं सगळं अडतं. बऱ्याच लॉकमध्ये छोटा हीटर पट्टी तापवून कडी सरकवतो; म्हणूनच धुणं संपल्यावर दार मिनिटभर उघडत नाही. तेवढ्यात हँडल उपटणारे वीर घरोघरी आहेत. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? कॅपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा, चार्ज साठवणारा डबा) बघा. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरतो, त्यामुळे डिस्चार्ज केल्याशिवाय बोट नको.

ड्रायरचं रडगाणं वेगळं. ड्रम फिरतो, कपडे मात्र गारच्या गार. थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) बहुतेक एकदा उडाला की कायमचा. मल्टीमीटरवर त्याची कंटिन्युइटी, म्हणजे सलग जोड, मिळत नाही. इथे काही कलावंत दोन वायरी थेट जोडून मोकळे होतात. हात जोडून सांगतो, नका करू. फ्यूज उडाला तो बहुधा हवेची वाट कपड्यांच्या भुश्याने तुंबली म्हणून, आणि हा भुसा छान पेटतो. आधी जाळी आणि पाइप साफ, मग त्याच तापमानाचा नवा फ्यूज.

राहिल्या मुंग्या. मशीनला हात लावला की चुणचुण होते, टेस्टरही मंद पेटतो. नॉइज फिल्टरमधले दोन कॅपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलं की बॉडीवर जवळपास निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. सॉकेटचं अर्थिंग दुरुस्त करून घ्या. त्यानंतर लगेच आरसीसीबी पडला, तर गळती आधीपासूनच होती, अर्थिंगअभावी ती कुणाला दिसत नव्हती. घरात मात्र यावर एकच तोडगा चालतो: "चप्पल घालून लाव."